घरचं कॉफी भाजायचं यंत्र बिघडतं तेव्हा

कॉफीच्या कच्च्या बिया घरीच भाजायचं ठरवलं आणि यंत्रांची माहिती काढायला बसलं की माणूस कात्रीत सापडतो. विकणारा सांगतो, टोस्टरइतकं निर्धोक आहे, बटण दाबा आणि विसरून जा. वापरणाऱ्यांच्या गप्पांत मात्र काळी ठिक्कर पडलेली यंत्रं, वितळलेली झाकणं आणि धुराने कोंदलेली स्वयंपाकघरं भेटतात. दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत असतात, आणि त्यामुळेच गोंधळ वाढतो.

कोणतं यंत्र घ्यावं, हे मी सांगणार नाही. मॉडेलं येतात नि जातात. यंत्राकडे बघायचं कसं, एवढंच सांगतो. कुठलंही यंत्र आज ना उद्या बिघडणारच. बिघडल्यावर ते थंड पडतं की तापत राहतं, यावर सगळं आहे.

## बीच्या पोटात काय घडतं

कच्च्या बीच्या वजनात साधारण १० ते १२ टक्के पाणी असतं. धग लागली की आधी ते निघून जातं. १५० अंश सेल्सिअसच्या आगेमागे हिरवट बी पिवळी पडते, मग तपकिरी होत जाते, आणि २०० अंशांच्या जवळपास तडतड ऐकू येते. आत कोंडलेली वाफ आणि वायू बीला फोडून बाहेर पडतात, त्याचा हा आवाज. भाजणारे याला पहिला क्रॅक म्हणतात. तिथे थांबलं नाही, तर २२५ ते २३० अंशांच्या सुमारास दुसरा क्रॅक सुरू होतो. त्याचा आवाज बारीक आणि घाईचा असतो. तोवर बी काळपट झालेली असते आणि तिच्या अंगावर तेल चमकू लागतं. शेवटी १०० ग्रॅम कच्च्या बियांचे ८० ते ८८ ग्रॅम उरतात.

सुरक्षेच्या दृष्टीने यातली एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. सुरुवातीला बी उष्णता खात असते. पहिल्या क्रॅकच्या सुमारास तिच्या आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता सोडू लागतात. सायकलने चढ चढताना पाय मारावे लागतात, पण माथा ओलांडला की सायकल आपोआप पळते आणि हात ब्रेकवर जातो, तसं हे आहे. म्हणून 'हीटर बंद केला म्हणजे भाजणं थांबलं' हा समज चुकीचा. बिया थंड हवेने लवकर निवल्या नाहीत, तर त्या आतल्या आत भाजत राहतात. दुसऱ्या क्रॅकच्या बऱ्याच पुढे नेल्या, तर पेट घेऊ शकतात.

टोस्टरशी तुलना इथेच फसते. पाव विसरला तर करपतो, धूर होतो, पण पाव पुढे जायला मदत करत नाही. कॉफीची बी करते.

## फोलपट, म्हणजे यंत्रातलं सरपण

प्रत्येक बीवर कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. भाजताना बी फुगते आणि तो सुटून उडू लागतो. हेच फोलपट. वजनाला नगण्य, पण कोरडं, हलकं आणि पटकन पेटणारं. चुलीला आग लावायला एवढं चांगलं सरपण शोधून सापडणार नाही, आणि आपण ते लालबुंद तारेपासून काही इंचांवर जमा करत असतो. फळासकट वाळवलेल्या बियांवर ते जास्त असतं, धुऊन वाळवलेल्यांवर कमी.

यंत्रात पहिली ठिणगी बहुधा बी पाडत नाही, फोलपट पाडतं. ते पकडायला प्रत्येक यंत्रात जाळी किंवा डबी असते. मागच्या खेपेचं फोलपट न काढता पुढची खेप लावणं हा आळस फार महागात पडू शकतो. एकतर सरपण दुप्पट होतं. दुसरं म्हणजे जाळी बुजली की हवा अडते, आणि हवा अडली की हीटर ठरल्यापेक्षा जास्त तापतो.

## हवेचं यंत्र आणि ड्रमचं यंत्र

घरगुती यंत्रं मुख्यतः दोन जातींची. एक हवेचं, म्हणजे उभा ठेवलेला मोठा हेअर ड्रायर समजा. खालून गरम हवेचा झोत येतो, बिया त्यावर नाचतात आणि भाजल्या जातात. हवेवर बिया तरंगवून भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेत मायकेल सिव्हेट्झ यांनी १९७६ साली घेतलं. घरगुती आकारात हे यंत्र सहा ते दहा मिनिटांत काम उरकतं, एका वेळी साधारण १०० ते २०० ग्रॅम. दुसरं ड्रमचं, कपडे वाळवायच्या यंत्राच्या वळणाचं. तापलेल्या पेटीत जाळीचा किंवा पत्र्याचा ड्रम फिरत राहतो. वेळ जास्त लागतो, पण बिया जास्त मावतात.

दोघांचे स्वभाव वेगळे, म्हणून दुखणीही वेगळी. हवेच्या यंत्रात पंखा हाच प्राण. तो मंदावला की बिया तळाशी बसतात आणि हीटरची उष्णता पुढे जात नाही. ड्रमच्या यंत्रात पत्रा आणि भिंती इतकी उष्णता साठवतात की बंद केल्यावरही ती बराच वेळ उतरत नाही. त्यात ड्रम फिरायचा थांबला, तर पत्र्याला चिकटलेल्या बिया करपायला वेळ लागत नाही.

## थंड बिघाड आणि गरम बिघाड

आता मूळ मुद्दा. हीटरची तार तुटली, तर यंत्र बंद पडतं. बिया अर्धकच्च्या राहतात, आपण वैतागतो, नुकसान एवढंच. हा थंड बिघाड. पंखा थांबला आणि हीटर चालू राहिला, तर तो गरम बिघाड. दुकानात दोन्ही यंत्रं सारखीच चकचकीत दिसतात. बनवणाऱ्याने गरम बिघाडाला थंड बिघाडात बदलायची किती सोय केली आहे, यात त्यांचा फरक असतो.

ही सोय एकावर एक अशा तीन थरांची असते. पहिला थर म्हणजे तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा मेंदू. साध्या यंत्रात तिथे इस्त्रीत असतो तसा थर्मोस्टॅट असतो, महागड्या यंत्रात सर्किट बोर्ड. दुसरा थर म्हणजे पंखा फिरत नसेल तर हीटरला वीजच मिळू नये, अशी जोडणी. तिसरा थर्मल फ्यूज. बोटाच्या पेराएवढा हा तुकडा ठरलेल्या तापमानाला आतून वितळतो आणि वीज कायमची तोडतो. थर्मोस्टॅट निवला की पुन्हा जोडला जातो. फ्यूज एकदा गेला की गेला, बदलावाच लागतो.

मेंदू हुशार असला की फ्यूज कशाला, असं वाटू शकतं. पण मेंदू स्वतः वीज तोडत नाही. तो रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचला, हुकूम सोडतो. जुन्या पद्धतीच्या रिलेत ठिणग्या उडून उडून आतले दोन पत्रे कधीतरी एकमेकांना चिकटून बसतात. हलणारे भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले बिघडला, तर बहुतेक वेळा 'चालू' अवस्थेतच अडकतो. मेंदू 'बंद कर' म्हणत राहतो, पडद्यावर 'बंद'ची खूणही दिसते, आणि हीटर तापतच राहतो. अशा वेळी उपयोगी पडतो तो फक्त कुणाचंच न ऐकणारा फ्यूज. प्रेशर कुकरच्या शिट्टीवर भरवसा असतोच, तरी झाकणावर वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो याच विचाराने.

माझ्या पहिल्या यंत्राने एका सकाळी भाजता भाजता मान टाकली. पहिला क्रॅक नुकताच सुरू झाला होता. दोन दिवस मी बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. मग उघडून पाहिलं तर फक्त थर्मल फ्यूज गेला होता, आणि जाळीवर मागच्या तीन खेपांचं फोलपट गादीसारखं बसलं होतं. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं, कामचुकार मी निघालो. अशा वेळी फ्यूज वगळून तारा थेट जोडून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात. 'हा सारखा उडतो, नकोच तो.' अशा माणसाला यंत्राच्या जवळ फिरकू देऊ नये. सारखा उडणारा फ्यूज हवा कुठेतरी अडते आहे असं सांगत असतो.

खोक्यावरच्या खुणांचंही इथेच सांगून टाकतो. घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षेसाठी आयईसी ६०३३५ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे. तिच्यात नेहमीच्या वापराबरोबर 'भलतंच काही झालं तर' याच्याही चाचण्या आहेत, उदाहरणार्थ मोटर अडकवून ठेवली तर काय होतं. गरम बिघाडाची ही परीक्षाच. यूएलसारखी खूण तिसऱ्या संस्थेने तपासल्यावर मिळते. सीई ही बहुतेक घरगुती उपकरणांवर बनवणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर लावलेली असते. दोन्हींना सारखं वजन देऊ नये.

## 'सगळं आपोआप होतं, मग उभं कशाला राहायचं?'

कारण यंत्राला बी दिसत नाही. बरीच स्वस्त यंत्रं नुसत्या वेळेवर चालतात. अमुक मिनिटं तापव, मग थंड कर. आत किती बिया आहेत, त्या किती कोरड्या आहेत, बाहेर थंडी आहे की उकाडा, यातलं काही त्यांना कळत नाही. तापमान मोजणारी यंत्रंही बऱ्याचदा बीचं नव्हे, हवेचं किंवा भिंतीचं तापमान मोजतात. ताप रुग्णाला आणि थर्मामीटर खिडकीत, असा प्रकार. आकडा खोटा नसतो, पण तो वेगळ्याच गोष्टीचा असतो.

यातूनच एक फसवी कल्पना निघते, की कमी बिया टाकल्या तर धोका कमी. वेळेवर चालणाऱ्या ड्रमच्या यंत्रात हे नेमकं उलट ठरू शकतं. पूर्ण भाराची वेळ लावून पाव भार टाकला, तर तेवढीच उष्णता थोड्याशा बियांना मिळते, त्या फार लवकर पुढे जातात आणि घड्याळ मात्र निवांत असतं. जास्त बिया टाकणंही वाईटच, विशेषतः हवेच्या यंत्रात. तिथे बिया हलत नाहीत, खालच्या करपतात आणि हवा कोंडते. पुस्तिकेत वजन दिलेलं असतं ते तराजूवर मोजायचं, अंदाजपंचे नव्हे.

काही बनवणाऱ्यांनी माणसाच्या उठून जाण्याचा बंदोबस्तच केला आहे. बेहमोरच्या अलीकडच्या यंत्रांत भाजण्याच्या शेवटच्या टप्प्यात शिट्टी वाजते. ठरल्या वेळेत बटण दाबलं नाही, तर यंत्र हीटर बंद करतं. हॉटटॉपच्या काही मॉडेलांत अशा वेळी बिया आपोआप बाहेर काढून थंड केल्या जातात. अनेकांना ही कटकट वाटते. माझ्या मते घरगुती यंत्रातली ही सगळ्यांत समंजस सोय आहे, कारण माणूस उठून दारात कोण आलंय ते बघायला जातो, हे तिने गृहीत धरलं आहे.

## पॉपकॉर्नचं यंत्र चालणार नाही का?

चालतं. कित्येकांची सुरुवात त्यावरच होते. पण ते बनलं आहे दोन-तीन मिनिटांच्या कामासाठी. मका साधारण १८० अंशांना फुटतो, कॉफीला त्याहून बरंच वर आणि दुप्पट-तिप्पट वेळ जायचं असतं. त्यामुळे प्लास्टिकची झाकणं वाकडी होतात, मोटर दमते, फ्यूज उडतो. शिवाय यंत्राच्या तळाकडे बघा. हवा बाजूच्या तिरक्या फटींतून येत असेल तर ठीक. तळाला सपाट जाळी असेल तर फोलपट तिच्यातून थेट तापलेल्या तारेवर पडतं. असल्या यंत्रात कॉफी भाजू नये. यात माझं मत दुसरं होणार नाही.

## विजेचा हिशेब

ही यंत्रं साधारण १००० ते १६०० वॅट खातात. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे व्होल्टेज १० टक्के उतरलं तर ताकद जवळजवळ १९ टक्के कमी होते. १५०० वॅटचा हीटर १२१५ वॅटचा उरतो. काल नऊ मिनिटांत झालेली खेप आज तेरा मिनिटांतही होत नाही, यात यंत्राचा दोष नसतो. कारण पुष्कळदा लांब, बारीक एक्स्टेन्शनची वायर असते. ती गुंडाळून ठेवली असेल तर स्वतःही तापते. यंत्र थेट भिंतीतल्या सॉकेटला लावावं, आणि त्याच सर्किटवर दुसरं काही मोठं चालू नसावं.

दुसऱ्या देशातून यंत्र आणणाऱ्यांनी वर्गाचा हाच नियम उलटा करून बघावा. १२० व्होल्टचं यंत्र चुकून २३० व्होल्टला लावलं, तर हीटर साडेतीन पटींहून जास्त ताकदीने पेटतो. फ्यूजच्या आधी बहुधा बाकी सगळं जातं. प्लगचं टोक बदलणारा साधा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. त्यासाठी तेवढा भार सोसणारा ट्रान्सफॉर्मर लागतो.

## धूर, वास आणि फुप्फुसं

धूर म्हणजे यंत्र खराब, असं नाही. पहिल्या क्रॅकपर्यंत तो थोडा असतो, दुसऱ्या क्रॅकनंतर भसाभसा येतो. गडद कॉफी आवडत असेल तर बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच. नुसती उघडी खिडकी पुरत नाही.

भाजताना आणि भाजल्यावरही बिया वायू सोडतात. त्यात मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड असतो. कॉफीच्या कारखान्यांतल्या हवेचा अमेरिकेच्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने बराच अभ्यास केला आहे. डायअॅसिटिल या फुप्फुसांना अपायकारक वायूसाठी तिने २०१६ साली सुचवलेली मर्यादा अब्ज भागांत फक्त ५ भाग आहे. कार्बन मोनॉक्साइडसाठीची मर्यादा दहा लाख भागांत ३५ भाग. हे आकडे पूर्ण पाळी काम करणाऱ्यांसाठी आहेत. आठवड्याला दोनदा मूठ-दोन मुठी बिया भाजणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही, पण बंद खोलीत भाजणं आणि ड्रमवर वाकून वास घेत राहणं टाळावं. ताज्या बिया घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत लगेच कोंबू नयेत, आत दाब वाढतो.

'घरी भाजलेल्या कॉफीत कर्करोग करणारं काही तयार होतं का?' हा प्रश्न ॲक्रिलामाइडमुळे येतो. तापवलेल्या अन्नात ते सापडल्याचं स्वीडिश शास्त्रज्ञांनी २००२ साली जाहीर केलं, आणि कॉफीतही ते असतं. ते यंत्रामुळे येत नाही, कारखान्यात भाजलेल्या कॉफीतही असतंच. भाजण्याच्या सुरुवातीला ते वाढतं आणि पुढे कमी होत जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली कॉफीला 'कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही' या गटात टाकलं.

## मध्येच वीज गेली, किंवा पेटलंच, तर

वीज गेली की हीटर बंद होतो, म्हणजे बिघाड थंड बाजूचा वाटतो. पण पंखा आणि ड्रमही थांबतात. पहिल्या क्रॅकच्या आधी असेल तर बिया फार तर वाया जातात. नंतर असेल तर त्या तशाच साचून तापत राहतात. ज्वाळा नसेल आणि यंत्राची रचना परवानगी देत असेल, तर जाड हातमोजे घालून बिया धातूच्या चाळणीत ओताव्यात आणि हलवत राहाव्यात. म्हणून चाळणी आणि हातमोजे आधीपासून हाताशी हवेत, कपाटात नव्हेत.

ज्वाळा दिसली तर झाकण किंवा दार उघडायचं नाही. आत काय झालंय ते बघावंसं वाटणारच, पण उघडलं की आगीला हवी असलेली हवा आपणच देतो. बटण बंद करा, प्लग काढा, बंद पेटीत आग गुदमरू द्या. हवेच्या यंत्रात प्लग काढला की पंख्याचा वाराही थांबतो. आग बाहेर आली तर अग्निरोधक चादर, किंवा कोरड्या पावडरचं वा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक. पाणी नाही. पेटलेलं यंत्र उचलून बाहेर पळणंही नाही. यंत्र ठेवायची जागा आधीच अशी असावी की वर पडदा, कपाट किंवा कागद नसेल.

## टिकतं किती?

याला एक आकडा नाही. आधी जातात त्या हलणाऱ्या आणि लाल होणाऱ्या वस्तू: पंख्याची मोटर, ड्रमचे बेअरिंग, हीटरची तार. काच असेल तर ती, बहुधा धुताना आपल्याच हातून. या सगळ्यांचं आयुष्य दोन सवयींवर ठरतं. एक म्हणजे दोन खेपांमध्ये यंत्र पूर्ण निवू देणं. पुस्तिकेत दिलेली वेळ ही सूचना असते, भिडस्त विनंती नव्हे. दुसरी म्हणजे साफसफाई. फोलपट दर खेपेला काढायचं. धुराचं तपकिरी, चिकट किटण आठ-दहा खेपांनी. ते तापमापकावर चढलं की आकडे मागे पडू लागतात, धुराच्या नळीत साचलं की तेही पेटतं.

घेताना सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारावं. ॲपवर चालणारी यंत्रं छान असतात, पण ॲप बंद झालं तर यंत्रावरची बटणं पुरतात का, तेही बघावं. वापरलेलं यंत्र घेत असाल तर समोर चालवायला लावा आणि आधी पंखाच ऐका. घरघर, कापरा सूर, वेग कमीजास्त होणं हे मोटर थकल्याचं लक्षण. मग प्लग काढून तळाची झाकणी उघडायला सांगा आणि थर्मल फ्यूज शोधा. त्याच्या जागी दोन तारा पिळून डाग दिलेल्या दिसल्या, तर झाकणी तशीच परत लावायची आणि घरी यायचं.